टाच उत्तर देते ते दुसऱ्या दिवशी

अकिलीस टेंडनचं, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीचं, दुखणं लबाड असतं. सकाळी उठून पाय जमिनीवर टेकला की टाचेच्या वर, मागच्या बाजूला सगळं आखडलेलं; बाथरूमपर्यंत लंगडतच जायचं. पाच-दहा मिनिटांत ते सैल होतं. धावायला निघालं की सुरुवातीला टोचत राहतं, मग अंग तापल्यावर चक्क गायब होतं. धावणाऱ्याला वाटतं, चला, सुटलो. संध्याकाळी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तीच कळ. माझं असं बरेच महिने चालू होतं. आधी आजारपणामुळे धावण्यात मोठा खंड पडलेला, त्यानंतर आमच्या गटाने चढाचा रस्ता आणि वेगाचा सराव एकाच महिन्यात सुरू केलेला, आणि माझी चाळिशी उलटलेली. हे तीन धागे एकत्र आले की हे दुखणं हटकून गाठतं, असं मला नंतर सांगण्यात आलं. माझी केस अगदी पुस्तकातली होती म्हणे.

पहिला सल्ला मिळाला तो विश्रांतीचा. गोळ्या, चोळायचं जेल आणि काही आठवडे धावणं पूर्ण बंद. पायाला आराम पडला, सकाळचं लंगडणं थांबलं, आणि औषध लागू पडलं असं सगळ्यांनाच वाटलं. पुन्हा धावायला लागले तर पहिल्याच आठवड्यात दुखणं परत हजर, तेही आधीपेक्षा कमी अंतरावर. कारण तसं सोपं आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. टेंडनवर भार पडला नाही तर तो दुखत नाही, हे खरं. पण भार पडलाच नाही तर तो पेलायची त्याची ताकदही उतरते आणि वरची पोटरीही सुकते. त्यामुळे महिनाभर आराम करून उठलेला पाय शांत असतो, पण आधीपेक्षा कमकुवत असतो. त्याच्यावर जुनंच काम टाकलं की तो पुन्हा बोंबलतो. मोडलेलं हाड स्थिर ठेवलं की सांधतं, लचकलेला स्नायू थोड्या आरामाने भरून येतो. टेंडनचा स्वभाव वेगळा.

शेवटी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवली आणि आधी पोटरी दाबून पाहिली. पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली झुकायला हवं. झुकलं नाही तर टेंडन तुटला असं धरतात. थॉम्पसन टेस्ट म्हणतात याला. माझं पाऊल झुकलं. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टेंडन धरला आणि टाचेच्या हाडापासून चिमूट वर वर नेली. "इथे?" नाही. "इथे?" नाही. टाचेपासून चार-पाच सेंटिमीटरवर चिमूट आली आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. तिथे बोटांना लांबट, गुळगुळीत गाठ लागत होती. त्यांनी पाऊल वरखाली करायला सांगितलं, तेव्हा गाठही टेंडनबरोबर सरकली. म्हणजे बिघाड टेंडनच्या आत आहे, भोवतीच्या आवरणात नाही. दुखरी जागा टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वर असली तर तो एक प्रकार, आणि टेंडन जिथे टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेच असली तर दुसरा. दोन्हींचे व्यायाम वेगळे, म्हणून या चिमटीला एवढं महत्त्व.

मग प्रश्न सुरू झाले, आणि ते पायाबद्दल नव्हतेच. मधुमेह आहे का? कोलेस्टेरॉल कधी तपासलंय, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार? त्वचेवर सोरायसिसचे चट्टे? सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडते का? दोन्ही टाचा एकदम दुखतात का? आजारपणात कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं? एका टाचेसाठी एवढी उलटतपासणी कशाला, असं मला वाटून गेलं. पण प्रत्येक प्रश्नामागे काहीतरी होतं. आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारात याच टेंडनमध्ये चरबी साठून तो जाड होतो, आणि काहींचा आजार टाचेवरूनच पकडला जातो. सांध्यांच्या काही विकारांत टाचेचं दुखणं ही अगदी सुरुवातीची तक्रार असते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांनी टेंडन दुखावतो, क्वचित तुटतोसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या गटाच्या माहितीपत्रकावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे लोक आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. मी जुनी चिठ्ठी हुडकून दाखवली; माझी गोळी दुसऱ्या गटातली निघाली. तरी आता कुठल्याही डॉक्टरकडे गेले की टेंडनचं आधी सांगून टाकते.

सोनोग्राफीत टेंडन जाड दिसला, मध्ये एक काळपट पट्टा, आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉप्लर लावल्यावर त्या पट्ट्यात लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. निरोगी टेंडनमध्ये रक्तवाहिन्या अशा दिसत नाहीत, या नव्याने फुटलेल्या. माझा चेहरा उतरला असावा, कारण डॉक्टरांनी लगेच बजावलं, की या चित्राची धास्ती घेऊ नका. काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या टेंडनमध्येही असे काळपट भाग सापडतात, आणि ज्यांचं दुखणं जातं त्यांचंही चित्र सुधारतंच असं नाही.

"मग हा भाग भरून कसा येणार?" मी विचारलं.

"कदाचित नाही येणार," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय भागतं."

हे पचायला वेळ लागला. घरी येऊन वाचत बसले तेव्हा डेन्मार्कमधल्या संशोधकांचं २०१३ चं एक काम सापडलं, आणि ते इतकं डोकेबाज आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, खूप वाढला, आणि नंतर हळूहळू उतरत गेला. तो वनस्पतींतून, अन्नातून आपल्या शरीरात येतो. त्यामुळे शरीरातल्या एखाद्या भागात तो किती आहे हे मोजलं, की तो भाग साधारण कधी बनला ते सांगता येतं. स्नायूंमध्ये सतत नवं बांधकाम चालू असल्याचं दिसलं. अकिलीस टेंडनचा गाभा मात्र माणूस सतराएक वर्षांचा होईपर्यंत बनतो आणि पुढे जवळपास तसाच राहतो. म्हणजे मी चाळिशीत ज्याच्यावर धावत होते तो टेंडन माझ्या शाळेच्या वयातला होता! दोरीच्या मधले चार पेड विस्कटले तर ते पुन्हा पहिल्यासारखे पिळले जात नाहीत. भोवतीचे पेड भक्कम असले तर दोरी तरीही भार घेते. व्यायाम करायचा तो त्या भोवतीच्या पेडांसाठी.

इंजेक्शनचं मी विचारलंच. धावणाऱ्या मंडळींत प्रत्येकाला कुठलं ना कुठलं इंजेक्शन माहीत असतं. स्टेरॉइडने काही आठवडे छान वाटतं, पण या टेंडनमध्ये ते टोचायला डॉक्टर तयार नव्हते. दुखणं दबतं, टेंडन कमजोर होतो, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस धावायला जातो तेव्हा तुटायची भीती. स्वतःचं रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टोचायचा, त्या पीआरपीबद्दलही विचारलं. त्याची २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नीट चाचणी झाली आहे. दोन्हींत नुसत्या लुटुपुटूच्या इंजेक्शनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने टेंडनवर ध्वनिलहरींचे ठोके द्यायचा, पर्याय त्यांनी बाजूला ठेवला: तीन महिने व्यायाम करून फरक पडला नाही तर, आणि तेव्हाही व्यायामाच्या जोडीलाच. तेव्हा चिठ्ठीत एकच ओळ, फिजिओथेरपी. एवढ्या तपासण्यांनंतर एवढंच हातात आलं की जरा फसवल्यासारखं वाटतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण आवाजात पीटीच्या मास्तरांची जरब. तिनं भिंतीसमोर उभं केलं, आधाराला फक्त बोटांची टोकं टेकवू दिली, आणि एका पायाच्या चवड्यावर जमेल तितकं उंच जायला सांगितलं. वर, खाली, मोबाइलमधल्या ठोक्यावर. चांगला पाय पंचविशीच्या पुढे गेला. दुखरा त्याच्या निम्म्यातच थरथरायला लागला आणि दर वेळी टाच मागच्यापेक्षा थोडी कमी उचलली जाऊ लागली.

"ताई, दुखलं म्हणून थांबलात की ताकद संपली म्हणून?"

मी जरा विचार केला. ताकद संपली होती. दुखणं तर मधेच कुठेतरी मागे पडलं होतं. तिनं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटतं माझ्या सगळ्या उपचाराची दिशा त्या एका उत्तराने ठरली.

मग तिनं एक प्रश्नावली भरून घेतली. आठ प्रश्न: सकाळी किती वेळ आखडतं, जिना उतरताना किती दुखतं, एका पायावर किती उड्या मारता येतात, वगैरे. शंभरपैकी गुण मिळतात, निरोगी माणसाला शंभर. व्हिसा-ए असं तिचं नाव, ऑस्ट्रेलियात तयार झालेली, अकिलीसवर काम करणारे जगभर तीच वापरतात. माझे गुण काठावर पास होण्याइतके होते. परीक्षेची हौस असलेल्यांना ही चांगली सोय आहे: दर काही आठवड्यांनी तोच पेपर पुन्हा.

सुरुवात झाली नुसतं उभं राहण्याने. दोन्ही चवड्यांवर अर्ध्यापर्यंत वर जायचं आणि पंचेचाळीस सेकंद तसंच थांबायचं, असं पाच वेळा. याने काहींचं दुखणं लगेच उतरतं, सगळ्यांचं नाही. माझं थोडं उतरायचं. मग खऱ्या व्यायामाची पाळी आली, तेव्हा तिनं दोन पद्धती समोर ठेवल्या. पहिली स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसन या सर्जनची. याची स्वतःचीच टाच दुखत होती, ऑपरेशन करून घ्यायचं होतं, पण वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा टेंडन पार बिघडवूनच दाखवू म्हणून हा वजन घेऊन पायरीवर टाच खाली सोडत राहिला, आणि झालं उलटंच, दुखणं गेलं, अशी गोष्ट सांगितली जाते. १९९८ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायाने सावकाश टाच पायरीच्या खाली सोडायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, सातही दिवस, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी वेळा. दुसरी पद्धत आठवड्यातून तीनच दिवस, पण वजन भारी आणि गती संथ: तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, एका फेरीत पंधरा वेळांपासून सुरू करून, वजन वाढवत, सहा वेळांपर्यंत यायचं. डेन्मार्कमध्ये २०१५ साली दोन्हींची तुलना झाली. निकाल सारखेच लागले, फक्त दुसऱ्या गटातल्या लोकांनी व्यायाम जास्त नेमाने केला. नोकरी, घर सांभाळून दिवसाला एकशे ऐंशी वेळा टाच खालीवर करणारा माणूस मला कुणी दाखवावा. मी दुसरी घेतली.

दुखणाऱ्या जागेवर वजन टाकायचं, आणि तेही दुखत असताना, हे मनाला पटवणं हा यातला सगळ्यांत अवघड भाग. त्यासाठी तिनं नियम दिला. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालेल. संपल्यावरही पाचपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलंच पाहिजे, आणि आठवड्यागणिक सकाळचा आकडा चढता कामा नये. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका अभ्यासात हाच नियम पाळून काही लोकांना धावणं-उड्या चालू ठेवू दिल्या आणि बाकीच्यांना सहा आठवडे बंद ठेवायला सांगितल्या. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे थोड्या दुखण्याने टेंडनचं नुकसान होत नाही. सकाळी काय होतं त्यावर नजर ठेवायची.

मी वही केली. रोज सकाळी उठल्यावर जिन्याच्या तीन पायऱ्या उतरायच्या आणि आकडा लिहायचा. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशी काय केलं ते. पंधरवडा लिहिल्यावर जे दिसलं त्याने मी चकित झाले. ज्या दिवशी व्यायाम करताना जास्त दुखलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ बहुतेक वेळा चांगली होती. वाईट सकाळी आल्या होत्या त्या भलत्याच दिवसांनंतर: एकदा तासन्‌तास उभं राहिल्यावर, एकदा सपाट तळव्यांच्या चपला घालून दिवसभर हिंडल्यावर, एकदा गाडी सुटेल म्हणून जिन्यावरून पळाल्यावर. त्या त्या वेळी पाय अजिबात कुरकुरला नव्हता. पाय आत्ता सांगतो ते आणि उद्या सांगतो ते यांचा मेळ नसतो, आणि उद्याचंच खरं धरायचं, हे एकदा वहीत बघितल्यावर माझी भीती गेली. त्याआधी मी प्रत्येक कळेला दचकत होते.

गुडघा वाकवून करायचा व्यायाम लोक टाळतात, कारण तो दिसायला किरकोळ आणि करायला कंटाळवाणा. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून येतो, गुडघा वाकवला की तो ढिला पडतो. मग सगळं काम खालच्या, चपट्या सोलियसवर येतं. धावताना खरा राबणारा हाच. धावण्याच्या एकेका पावलाला या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो असं मोजमाप सांगतं. त्यामुळे घरी पाठीवरच्या सॅकमध्ये थोडी पुस्तकं टाकून केलेला व्यायाम सुरुवातीला ठीक, पुढे तो पुरत नाही. मी जिममध्ये बसून मांडीवर वजन घेऊन टाचा उचलायच्या यंत्रावर गेले. मांडीवर गादीचा दांडा येतो, टाचा खाली गेल्या की पोटरी ताणली जाते, आणि वर येताना शेवटच्या दोन सेंटिमीटरला पाय असा थरथरतो की शेजारचा माणूस बघायला लागतो. शेवटचे ते दोन सेंटिमीटरच सोडून द्यायचा मोह होतो. फिजिओ नेमकी तिथेच बोट दाखवायची: "टाच अजून वर. अजून. हां, आता तीन सेकंद खाली."

मधे एकदा घसरगुंडी झाली. सगळं छान चालू असताना कारण न सापडता सकाळचा आकडा दोनवरून सहावर गेला आणि आठवडाभर तिथेच राहिला. वहीतही काही सापडेना. मी फोनवर रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, थांबू नका, वजन निम्मं करा, उड्या बंद, पुन्हा पंचेचाळीस सेकंदांवर या. दहाएक दिवसांत गाडी रुळावर आली. असं होतंच, आणि पूर्ण बसून राहिलं की मागच्या महिन्यांची कमाई जाते, हे तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं. आकडे उतरल्यावर पटलं.

दवाखान्यातल्या बाकावर वेगवेगळ्या टाचा भेटतात. एका बाईंचं दुखणं अगदी टाचेच्या हाडावर, जिथे बुटाची मागची कड घासते. त्यांना पायरीच्या खाली टाच सोडायला सक्त मनाई होती. तसं केलं की टेंडन हाडावर दाबला जातो आणि बिघडतो. त्या सपाट जमिनीवरच करायच्या, बुटात टाचेखाली छोटी पाचर घालून. पोटरी ताणायचे व्यायामही त्यांना बंद. एका तरुणाचा टेंडन खेळताना पूर्णच तुटला होता. "मागून कुणीतरी जोरात लाथ मारली असं वाटलं, वळून बघतो तर मागे कुणीच नाही," तो सांगत होता, आणि तुटणारे बहुतेक जण हेच सांगतात असं फिजिओ म्हणाली. त्याने ऑपरेशन केलं नव्हतं. पाऊल खाली झुकवलेल्या अवस्थेत गुडघ्यापर्यंतचा बूट, टाचेखाली पाचरी, आणि दर थोड्या दिवसांनी एकेक पाचर काढत पाऊल सरळ आणायचं. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले यांच्या स्वतःच्या अनुभवात फरक निघाला नाही. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र ऑपरेशनशिवाय शंभरात सहा आणि ऑपरेशननंतर एकाहूनही कमी होतं. उलट ऑपरेशनमध्ये नस दुखावण्याचा धोका जास्त. त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी हिशेब करून ठरवलं होतं. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर तडक यायचं, कारण बुटात अडकलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, हे त्याला पाठ होतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टाचेखालच्या पाचरीने मलाही सुरुवातीला बरं वाटलं. दोन्ही बुटांत घालायची, नाहीतर कंबर बोलायला लागते. बर्फाने तेवढ्यापुरतं सुन्न होतं. मालिशने पोटरी मोकळी वाटते, गाठीवर मात्र रगडून घेऊ नये. यांतल्या कशानेही टेंडन बळकट होत नाही.

ताकद आल्यावर धावायला मोकळीक मिळेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. संथ वजन उचलणं वेगळं आणि क्षणात ताण घेऊन क्षणात सोडणं वेगळं. धावताना टेंडन स्प्रिंगचं काम करतो, आणि ते त्याला नव्याने शिकवावं लागतं. चाचणी होती ती एका पायावर टाच उचलण्याची, दुखरा पाय चांगल्या पायाच्या जवळपास आला का ते बघायची. आल्यावर दोन्ही पायांवर जागच्या जागी छोट्या उड्या, मग दोरीवरच्या, मग एका पायावर. एका पायावरची पहिली उडी मारायला मी किती वेळ नुसती उभी राहिले होते! पाय उचलायला तयार, डोकं तयार नाही. फिजिओने घाई केली नाही, ती शेजारच्या पेशंटकडे गेली, आणि ती बघत नाही म्हटल्यावर मी मारली.

उड्या आणि धावणं मात्र लागोपाठच्या दिवशी नाही. टेंडनवर जोराचा ताण आला की पहिला दीड दिवस त्याच्यातल्या कोलॅजनची, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याची, झीज बांधणीपेक्षा जास्त असते, नंतर बांधणी वरचढ होते. रोज ताण दिला तर झीजच जमा होत जाते. म्हणून वहीत एक दिवस उड्या किंवा धावणं, एक दिवस वजनाचा व्यायाम, एक दिवस नुसतं चालणं किंवा सायकल. धावणं म्हणजे आधी मिनिटभर धाव, दोन मिनिटं चाल. अंतर आधी वाढवायचं, वेग नंतर, चढ सगळ्यांत शेवटी. एका आठवड्यात दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. बारा आठवडे हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो फरक दिसायला लागण्याचा. पूर्ववत धावायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि काहींना पाच वर्षांनीही अधूनमधून थोडं दुखतं. हे मला कुणी पहिल्या भेटीतच सांगितलं असतं तर मी जास्त निवांत राहिले असते.

सध्या मी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर सलग धावते. सकाळचा आकडा बहुतेक दिवस शून्य असतो, थंडीत एक. आठवड्यातून दोनदा जिममधलं ते यंत्र चालूच आहे, आणि ते कधी बंद करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. व्हिसा-ए मध्ये गुण नव्वदीत आलेत. परवा फिजिओने मोजपट्टी लावली तर दुखऱ्या पायाची पोटरी अजून सेंटिमीटरभर बारीक निघाली. ती भरली की वेगाचा सराव, तोवर नाही, असं तिनं वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय.